मलप्पाचा निळीचा माठ

वैद्यकासारखा पवित्र व्यवसाय जगात दुसरा नाही, असं मी अनेक सभांतून ऐकलं आहे. सांगणारे बहुधा वकील असत. माझी सगळी हयात या व्यवसायात गेल्यामुळे या मताला माझा पाठिंबा आहे. माझ्याकडे लघवी उकळण्याचं काम होतं.

सोलापुरातल्या एका धर्मादाय इस्पितळात मी हे काम केलं. माझ्या खोलीवर 'प्रयोगशाळा' अशी पाटी होती. पाटी येण्यापूर्वी तिथे आधीच्या डॉक्टरांचा घोडा बांधत, आणि दमट हवेत अजून तसा वास येई. पुण्याला कॉलेजात दोन वर्षं काढून मी परत आलो होतो, तेवढ्या भांडवलावर मला तिथे नेमलं. लोक मला मास्तर म्हणत. का, ते मी कधी विचारलं नाही; दुसरं काय म्हणणार होते?

काम सोपं होतं. मोरचुदापासून केलेलं एक निळं औषध असतं. ते काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात रुग्णाच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवट झाला तर संशयाला जागा आहे. पिवळा झाला तर संशय फिटला. आणि विटकरी झाला तर उठून डॉक्टरांना सांगायला जायचं. उकळताना नळीचं तोंड भिंतीकडे ठेवायचं, नाहीतर शास्त्र अंगावर उडतं.

रोज सकाळी पहिली बाटली रावबहादुरांची येई. रावबहादूर कापडाचे मोठे व्यापारी, इस्पितळाचे आधारस्तंभ, आणि मधुमेही. त्यांची बाटली अत्तराच्या पेटीत, मखमलीवर आडवी पडून, घोड्याच्या बग्गीतून येई. गाडीवान पेटी दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवी आणि रंग पाहून जाई. ज्या बाटलीला स्वतःची बग्गी आहे अशी दुसरी बाटली मी आयुष्यात पाहिली नाही. नळीत मात्र ती इतरांसारखीच उकळे.

त्या काळी मधुमेह हा बैठ्या, तुपकट, प्रतिष्ठित लोकांचा रोग समजत. क्षयाला तर ग्रंथांत राजयक्ष्मा असं भारदस्त नाव आहे. आमच्या आवाराच्या टोकाला क्षयाच्या रुग्णांसाठी एक पत्र्याची शेड होती. तिच्यात गिरणीतले कामगार असत, विणकर असत, केमच्या स्टेशनवरचा एक हमाल होता. राजा मला तिथे कधी भेटला नाही.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष झालं असेल, तेव्हा मलप्पा त्या शेडमध्ये आला. तो जातीने आणि धंद्याने निळारी, म्हणजे सुताला निळीचा रंग देणारा. चाळिशीचा, उंच, खोकून वाकलेला. त्याला खाटेवर निजवलं आणि सिस्टर त्याची नखं पाहून धावत डॉक्टरांकडे गेल्या. छातीच्या रुग्णाची नखं निळी पडली की त्याचा श्वास संपत आला असं समजतात. डॉक्टर धावत आले. त्यांनी मलप्पाची बाही वर सारली, तर हात कोपरापर्यंत निळा.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "इतका निळा झालेला माणूस एव्हाना बोलायचा थांबला असता."

मलप्पा थांबलेला नव्हता. "नीळ हाय, साहेब. बापाच्या हाताची जळेपत्तोर गेली न्हाय, माझी काय जातीया! घासू नगा, बाई, तुमचा टावेल खराब हुईल."

क्षयाला तेव्हा औषध नव्हतं. उघडी हवा, पडून राहणं आणि खाणं, एवढ्यावर सारी भिस्त. दूध, तुपाचा शिरा, खीर, माशाचं तेल. दर सोमवारी शेडच्या दारात धान्य तोलण्याचा मोठा काटा येई आणि प्रत्येकाचं वजन होई. तिथे मिळणारी चांगली बातमी ती एवढीच: अमक्याचं वजन वाढलं. वाढलं की बाकीचे खाटेवरून टाळ्या वाजवत.

मलप्पा वाढलेलं सगळं खाई, शेजारच्याने टाकलेलं खाई, आणि आणखी मागे. सोमवारी त्याचं वजन उतरलेलं असे. पुढच्या सोमवारी आणखी. सिस्टरांनी यातून जो निष्कर्ष काढला तो कोणीही काढला असता: हा आपलं दूध आणि शिरा बायकोला देतो. त्यांनी गौरव्वाला फाटकावर अडवून तिची टोपली तपासायला लावली. गौरव्वा ही मलप्पाची बायको. बुटकी, कमी बोलणारी, तिचेही हात निळे.

"बगा की," ती म्हणाली. "ह्यात भाकरी हाय. म्याच आणलीया, त्यास्नी भूक लागती म्हनून. हितनं न्यायला तुमच्याकडं हाय काय?"

टोपलीत भाकरीच निघाली. त्या दिवशी डॉक्टरांनी मलप्पाची बाटली माझ्याकडे पाठवली. नळी उकळायच्या आतच रंग फिरू लागला आणि बघता बघता विटकरी झाला. सकाळी रावबहादुरांची नळी त्याच रंगाची झाली होती. मी दोन्ही नळ्या शेजारी लावून ठेवल्या. कोणती कोणाची, ते चिठ्ठी वाचल्याशिवाय मलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टर येऊन बराच वेळ त्या नळीकडे पाहत राहिले. माणूस सरळ होता, मुंबईला शिकलेला, बोलायला कमी. ते म्हणाले, "मास्तर, क्षय म्हणतो याला खायला घाला. मधुमेह म्हणतो याला उपाशी ठेवा. आता कोणाचं ऐकू?"

त्यांनी आळीपाळीने दोघांचं ऐकलं. एक आठवडा मलप्पाला खायला घातलं, तर ते सगळं नळीत लाल होऊन उतरलं. दुसऱ्या आठवड्यात भाकरी, दूध, खीर बंद केली आणि तीनदा उकळून तिन्ही वेळा पाणी फेकलेली पालेभाजी दिली, तर नळी हिरवी झाली पण मलप्पाला उभं राहवेना. अंडी चालली असती, पण त्यांच्यात अंड्याला शिवत नसत. मी एकदा शेडमध्ये गेलो तेव्हा तो ताटलीतली भाजी बोटाने उचलून उजेडात धरून पाहत होता.

"मास्तर, एक इचारू? ही भाजी हाय का भाजीचं धुनं?"

"तीन पाण्यांतून काढली आहे."

"आमी सूत तीन पाण्यांतनं काढतो. पन ते खात न्हाय कुनी."

मलप्पामुळे डॉक्टरांनी शेडमधल्या सगळ्यांच्याच बाटल्या माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली. त्यात आणखी काही लाल निघाले, आणि बरेच हिरवट. हे हिरवट लोक मला सगळ्यांत अवघड वाटत. त्यांना ना मधुमेह होता, ना नव्हता. कोणाचा ताप उतरला की नळी पुन्हा निळी होई, कोणाची पिवळ्याकडे सरके. ती कोणत्या बाजूला जाईल हे डॉक्टरांना सांगता येत नसे. त्यांना 'काठावरचे' असं मी म्हणू लागलो, आणि पुढे डॉक्टरही म्हणू लागले. वैद्यकशास्त्रात मी घातलेली भर ती एवढीच.

एकदा मलप्पा भिंत धरत धरत माझ्या खोलीपर्यंत आला. "माझा रंग कसा बगता, ते मला दावा," म्हणाला. रंग हा त्याचा धंदा. नाही म्हणायला मला कारण नव्हतं. मी त्याच्यासमोर नळी उकळली. निळं औषध हिरवं झालं, पिवळं झालं, लाल झालं. तो खुशीत आला.

"ह्यात नवल काय हाय! गूळ पडला की निळीचा रंग जातोच की."

मग त्याने मला त्याच्या माठाची माहिती दिली. घराच्या मागच्या पडवीत जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मोठा रांजण, त्याला ते माठ म्हणतात. त्यात नीळ, चुना, तरवट्याचं शिजवलेलं बी आणि गूळ घालून आंबवतात. गुळाने माठ फुगतो, निळीचा निळा रंग जातो, पाणी हिरवं-पिवळं होतं. सूत बुडवून काढलं की तेही आधी हिरवं दिसतं, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. माठ कधी रिकामा करत नाहीत. त्याला रोज ढवळायचं, रोज चाखून पाहायचं, गोड झाला तर चुना, तिखट झाला तर गूळ. मलप्पाचा माठ त्याच्या आजाने घातलेला होता. बाकीचे निळारी आता जर्मन निळीच्या डब्याकडे वळले होते, पण चंद्रकळेचा काळा-निळा रंग जुन्या माठाशिवाय साधत नाही म्हणून विणकर त्याच्याकडेच सूत आणत. घरात खाणारं जे काही होतं, ते त्या माठावर.

"म्हंजी माझा माठ लई गोड झालाया," तो स्वतःच्या पोटाला हात लावून म्हणाला.

"असं म्हणता येईल," मी म्हणालो.

त्यानंतर चारसहा दिवसांनी त्याच्या उशीखाली पानाच्या चुन्याची डबी सापडली. तोंड आतून सोलवटलेलं, पोट धरून बसलेला. माठ गोड झाल्यावर निळारी जे करतो तेच त्याने केलं होतं. डॉक्टर संतापले. मलप्पाने सगळं ऐकून घेतलं आणि दंड पुढे केला, कारण त्याच्या रोजच्या इंजेक्शनची वेळ झाली होती. त्या वर्षांत क्षयावर चुन्याचा क्षार शिरेतून देण्याची नवी पद्धत निघाली होती, आणि आमच्या डॉक्टरांनी ती मोठ्या आशेने घेतली होती.

"हे कशाचं हाय, साहेब?"

डॉक्टर खोटं बोलत नसत. "चुन्याचंच आहे."

"मग?"

"माझा चुना स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले आणि सुई टोचली. दोघांच्याही चुन्याचा काही उपयोग झाला नाही.

उपयोग होण्यासारखी एकच गोष्ट तेव्हा नवीन आलेली होती, आणि ती म्हणजे इन्शुलिन. रावबहादुरांसाठी ते मुंबईहून मेलने येई, भुसा आणि बर्फ भरलेल्या डब्यात. डॉक्टर रोज सकाळी बंगल्यावर जाऊन त्यांना टोचत. एके दिवशी सुई दंडात असतानाच त्यांनी मलप्पाचा विषय काढला. पुढे ते मला म्हणाले की देणगी मागायला तीच वेळ चांगली असते. रावबहादूर मनाने वाईट नव्हते. "आमच्या मातोश्रींच्या नावे एका गरिबाला चालू करा," म्हणाले, आणि पुढच्या डब्यात मलप्पाच्या वाट्याच्या बाटल्या आल्या. वर्तमानपत्रात मातोश्रींचं नाव आलं. मलप्पाचं येण्याचं कारण नव्हतं.

सुईबरोबर भाकरी परत आली. पहिला तुकडा तोंडात घालून मलप्पा डोळे मिटून बसला.

"मंगळवेढ्याची जवारी हाय," म्हणाला.

पुढच्या सोमवारी काटा त्याच्या बाजूने झुकला आणि शेडने टाळ्या वाजवल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. नळी निळी राहू लागली. तो रोज माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसे, नळी उजेडात धरून पाही आणि "धरला रंग," म्हणून परत जाई. संध्याकाळचा तापही कमी झाला होता. डॉक्टरांनी छाती ऐकली आणि म्हणाले की उन्हाळ्यापर्यंत वजन असंच टिकलं तर फुफ्फुसातलं भगदाड कदाचित भरून येईल. 'कदाचित' हा शब्द त्या शेडमध्ये फार क्वचित वापरला जाई. पण त्यांनी मलप्पाला आणि गौरव्वाला समोर बसवून एक गोष्ट बजावून सांगितली: "ही सुई साखर बरी करत नाही. फक्त आवरून धरते. सुई थांबली की दोन्ही रोग मोकळे सुटतील. समजलं?"

"समजलं की," मलप्पा म्हणाला. "रोजच्या रोज ढवळाया पायजे."

अशा बऱ्या दिवसांत गौरव्वा एका दुपारी आली ती रडकुंडीला येऊनच. माठ बिघडला होता. इतके महिने तिने तो एकटीने सांभाळला होता. पण आता पाणी काळं पडलं, साय धरेना, घातलेलं सूत मळकट निघालं आणि धुतल्यावर पांढरं झालं. गूळ घालून पाहिला, चुना घालून पाहिला. विणकर सूत परत मागत होते.

मलप्पाने तिला वास विचारला, चव विचारली, बुडबुडे विचारले. मग म्हणाला, "आता एकच ऱ्हायलं. आवई उठव."

मी तिथेच उभा होतो. ही काय भानगड, असं मी विचारलं. निळाऱ्यांची तशी रीतच आहे. सगळे उपाय करून माठ ऐकेना, की गावात एक धादांत खोटी बातमी उठवायची. बातमी जितकी खोटी, आणि जितक्या लांब जाईल, तितका माठ लवकर सुधारतो.

"आमच्या आजानं उठवली हुती, तळ्यात मगर आलीया म्हनून," मलप्पाने सांगितलं. "लोक आठ दिस काठ्या घिऊन काठावर बसलेले."

"आणि माठ?"

"सुदारला की! लई सोन्यासारका रंग आला."

"मला कुटं येतंय खोटं बोलाया?" गौरव्वा म्हणाली.

"इतकी वर्सं माज्याजवळ काढलीस आन् अजून शिकली न्हाईस? मोठ्यातलं मोठं खोटं बग. बारीकसारीक खोट्याला माठ भीक घालत न्हाय."

ती कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली. "होगली बिड," तो म्हणाला, म्हणजे जाऊ दे, आणि दोघं हसली. त्या दोघांना मी एकत्र हसताना पाहिलं ते तेवढंच.

दोन दिवसांनी मी दाढीला बसलो होतो. न्हावी म्हणाला, "मास्तर, कमाल केली तुमच्या डाक्टरनं. त्यो निळारी बरा झाला म्हनं. क्षयबी गेला, साखरबी गेली. चालत घरी गेला म्हनं."

मी मलप्पाला थोड्याच वेळापूर्वी त्याच्या खाटेवर सोडून आलो होतो. तसं मी सांगितलं.

"मग त्यो दुसरा असंल," न्हावी म्हणाला, आणि त्याने वस्तरा फिरवला.

बाजारात हीच बातमी होती, टांग्याच्या अड्ड्यावर हीच होती. संध्याकाळी फाटकापाशी गौरव्वा भेटली. मी विचारलं, "तुम्ही उठवली?"

तिने मान डोलावली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मोठ्यातलं मोठं खोटं बग म्हनले. म्या लई इचार केला, मास्तर. दुसरं काय सुचलंच न्हाय."

मी शेडकडे वळलो.

शेडमध्येही बातमी पोचली होती. शेजारच्या खाटेवरचा हमाल मलप्पाला म्हणाला, "काय रं, तू बरा झालास म्हनं, आन् हितं काय करतूस?" मलप्पा आधी मोठ्याने हसला. हसता हसता खोकला आला. खोकला थांबल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं आहे हे मला कळलं.

"माठ सुदारंल, मास्तर," तो म्हणाला. "ह्याच्यापरीस मोठं खोटं उभ्या सोलापुरात घावायचं न्हाय."

रावबहादुरांनी बातमी ऐकली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं गाडीवानाने मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः इस्पितळात आले. मातोश्रींच्या नावे दिलेल्या औषधाने एकाच देहातले दोन असाध्य रोग बरे झाले, तेव्हा डॉक्टरांचा जाहीर सत्कार झालाच पाहिजे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "रावबहादूर, तो बरा झालेला नाही. ही नुसती उठलेली बातमी आहे. त्याची सुई चालूच राहिली पाहिजे."

रावबहादुरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "डॉक्टर, तुमचा हा विनयच आम्हाला भावतो."

पुढच्या मेलच्या डब्यात एकट्या रावबहादुरांच्याच बाटल्या होत्या. बऱ्या झालेल्या गरिबाचा वाटा दुसऱ्या गरजूला द्यावा, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तो गरजू म्हणजे टेंभुर्णीचे त्यांचे मेहुणे. डॉक्टर बंगल्यावर गेले, पुन्हा समजावून सांगितलं, आणि पुन्हा विनयी ठरून परत आले. मग त्यांनी स्वतःच्या नावाने मुंबईला तार केली. उत्तर आलं की माल आगबोटीवर आहे, उतरताच पाठवू.

नळी हिरवी झाली. मग पिवळी. मलप्पा उंबऱ्यावर येऊन बसे आणि नळीकडे पाहून परत जाई. विटकरी झाली त्या दिवशी तो उंबऱ्यापर्यंत आला नाही.

सत्कार इस्पितळाच्या आवारातच झाला. मांडव, झेंडूच्या माळा, आणि मधोमध रावबहादुरांच्या मातोश्रींची तसबीर. मलप्पाला शेडपासून मांडवापर्यंत आणायला बग्गी पाठवली होती. बाटली आणणारी तीच. त्याला खुर्चीवर बसवलं, गळ्यात हार घातला. अंगात ताप होता, त्यामुळे गाल लाल दिसत होते, आणि पुढच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "चेहऱ्यावर तेज बघा कसं आलंय!"

एका वकिलांनी वैद्यकाच्या पावित्र्यावर भाषण केलं. मग डॉक्टर उठले. त्यांनी भाषण केलंच नाही. ते म्हणाले, "हा मनुष्य बरा झालेला नाही. त्याचं औषध बंद झालं आहे. ते मिळालं नाही तर तो जगणार नाही." एवढं बोलून ते खाली बसले. मग वकील उभे राहून म्हणाले, "यश मिळूनही स्वतःकडे श्रेय न घेणारे असे महात्मे आज किती आहेत?" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी माणसांच्या तोंडांकडे पाहत होतो. कोणी दुष्ट नव्हतं. सगळ्यांना मनापासून आनंद झालेला होता.

शेवटी पेढे वाटले. मलप्पाच्या हातावरही एक ठेवला. तो त्याच्याकडे पाहत राहिला, मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, खाऊ का असं विचारणार. त्याने गौरव्वाला खुणेने जवळ बोलावलं आणि पेढा तिच्या पदरात टाकला.

"माठात घाल," म्हणाला. "त्याला गोड लागतंय."

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. आधी ओकाऱ्या, मग तहान, मग लांब लांब श्वास, जणू काही ओझं घेऊन चढण चढतो आहे. एका सकाळी सिस्टरांनी डॉक्टरांना हाक मारली. मीही गेलो. इतक्या महिन्यांत त्याच्या हातांची नीळ विटत गेली होती आणि नखं तर मुळापासून नवी, स्वच्छ आली होती. ती आता पुन्हा निळी दिसत होती. या वेळी कोणी घासायला टॉवेल आणला नाही.

डॉक्टरांनी दाखल्यावर मृत्यूचं कारण 'क्षय' असं लिहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. "मास्तर," ते म्हणाले, "जागा एकाच रोगापुरती आहे." मुंबईचा डबा त्यानंतर आला. त्यातल्या बाटल्या त्यांनी शेडमधल्या लाल नळीवाल्यांना वाटून टोचल्या आणि संपेपर्यंत कोणालाही सांगितलं नाही.

त्या सकाळी दाखला हातात पडून प्रेतासाठी हातगाडी मिळेपर्यंत वेळ लागणार होता. गौरव्वाला पुढे जाऊन भावकीला कळवायचं होतं. तिला एकटीला पाठवणं बरं दिसेना म्हणून मी बरोबर गेलो. ऊन चढलेलं होतं. गिरणीचा भोंगा होऊन रस्त्यात माणसांची गर्दी झाली होती, आणि ती त्या गर्दीतून माझ्यापुढे चार पावलं, खाली मान घालून चालत होती. चाटी गल्लीच्या वळणावर ती थांबली.

"मास्तर, त्या सुया माज्या खोट्यानं थांबल्या का?"

"माल आगबोटीवर अडकला होता," मी म्हणालो. हे खरंच होतं.

"व्हय," ती म्हणाली, आणि चालू लागली.

निळाऱ्यांच्या बोळात दोन्ही बाजूंना दोऱ्यांवर सूत वाळत होतं. तोंडाशीच संगप्पा नावाचा म्हातारा निळारी ओट्यावर बसला होता, मलप्पाचा चुलता. बाकी गावाने काय मानलं असेल ते असो, त्या बोळात आधीची बातमी कोणीच खरी मानलेली नव्हती. ती कशासाठी उठवली ते तिथल्या लहान पोरालाही माहीत होतं. गौरव्वा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, त्ये गेले."

संगप्पाने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्यामागे पाहिलं. मागे एकटा मी होतो, प्रेत नव्हतं. समोरच्या दारातून दोन बायका डोकावल्या आणि एकमेकींकडे पाहून गालात हसल्या.

"आँ? पुन्हा माठ बिघडला की काय?" संगप्पाने विचारलं.

गौरव्वा तशीच उभी होती. तिचे हात मला दिसत होते. कोपरापर्यंत गडद निळे, ताजे.

"न्हाय, काका," ती म्हणाली. "माठ चांगला हाय."